नागपूर ते सॅन फ्रान्सिस्को: अंतर एकच, मग वेळ १४ तासांपासून ३१ तासांपर्यंत कशी?

खामला_चौक

डिसेंबरात आई-बाबांना सॅन फ्रान्सिस्कोला पाठवायचं आहे. दोन विमानतळांची नावं टाकली की अंतर आणि उड्डाणाची वेळ सांगणाऱ्या तीन साइट पाहिल्या. अंतर तिन्हीकडे जवळपास सारखंच, १३,११० किमीच्या आसपास. वेळ मात्र एकीवर १४ तास ४४ मिनिटं, दुसरीवर १६ तास ५३ आणि तिसरीवर १६ तास ४७. तिकिटं पाहायला गेलो तर २३ तासांपासून ३१ तासांपर्यंत. एका तिकिटावर नागपूर रात्री ८ ला सुटणार आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ६.३० ला पोहोचणार असं आहे, म्हणजे साडेदहाच तास!

म्हटलं आपणच मोजू. शीटमध्ये दोन्हीकडचे अक्षांश-रेखांश टाकले, सूत्र लावलं, तर उत्तर ४,५३४ किमी. हिशोब कुठं चुकून राहिला? आणि मुख्य प्रश्न हा की दिल्ली, मुंबई, दोहा यांपैकी कोणत्या मार्गाने पाठवावं? दोघंही सत्तरीच्या आसपास आहेत, बॅगा चार.

अक्षांश_२१

४,५३४ आलं म्हणजे भाऊ, रेखांशाचं मायनस राहून गेलं. सॅन फ्रान्सिस्को विमानतळ ३७.६१९ उत्तर, १२२.३७५ पश्चिम असा आहे. पश्चिम रेखांश सूत्रात वजा लिहावा लागतो. तसाच अधिक ठेवलात तर विमान चीनच्या शानदोंग किनाऱ्याजवळ, पिवळ्या समुद्राच्या काठाशी पोहोचतं. नागपूरहून तिथलं अंतर बरोबर साडेचार हजार किमी आहे, म्हणजे सूत्र ठीक होतं, गाव चुकलं.

पुन्हा करा. नागपूर विमानतळ २१.०९२ उत्तर, ७९.०४७ पूर्व. दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार, अधिक दोन्ही अक्षांशांच्या कोसाइनचा गुणाकार गुणिले रेखांशांतल्या फरकाची कोसाइन. या बेरजेची उलटी कोसाइन घ्या आणि ६,३७१ ने गुणा. पहिला भाग ०.२२० येतो, दुसरा उणे ०.६८८, बेरीज उणे ०.४६८. कोन होतो ११७.९ अंशांचा आणि अंतर १३,११० किमी. शीटला अंश कळत नाहीत, तिला रेडियन (कोन मोजायचं दुसरं एकक) लागतात. ते रूपांतर विसरलं तर उत्तर काहीही येतं, आणि गंमत म्हणजे कधीकधी ते खरं वाटण्याइतपत बरं येतं. आणखी एक फसगत: सरकारी कागदांवर विमानतळाचा अक्षांश २१ अंश ५ मिनिटं ३२ सेकंद असा दिलेला असतो. तो २१.०५३२ असा टाकायचा नाही. मिनिटांना ६० ने आणि सेकंदांना ३,६०० ने भागून अंशांत मिळवायचं, तेव्हा २१.०९२ होतो.

नकाशाच्या ॲपमध्ये 'नागपूर' टाकून शहराच्या मध्याचा बिंदू उचलू नका. झिरो माईलपासून मोजलं तर सहा-सात किमी कमी भरतं, कारण विमानतळ दक्षिणेला आहे आणि जायचं उत्तरेकडून. पृथ्वी पूर्ण गोल नसल्यानेही अर्ध्या टक्क्यापर्यंत फरक पडू शकतो. म्हणून साइट-साइटमध्ये दहा-वीस किमी इकडेतिकडे दिसले तर डोकं लावायचं काम नाही.

आता वेळेचं. या साइट विमान पाहत नाहीत, अंतराला एका ठोकळ वेगाने भागतात. तुमचेच आकडे उलटे सोडवून पाहा. १३,११० भागिले ८९० म्हणजे १४ तास ४४ मिनिटं, ही पहिली साइट. ८०० ने भागून वर अर्धा तास चढ-उताराचा धरला की १६ तास ५३. तिसरीने ताशी ५०० मैल, म्हणजे ८०५ किमी धरले आणि अर्धा तास मिळवला: १६ तास ४७. तिघींपैकी एकीलाही वारा, बंद हवाई हद्द किंवा धावपट्टीवरची रांग ठाऊक नाही.

घरी १२ इंची पृथ्वीगोल असेल तर नागपूर ते सॅन फ्रान्सिस्को दोरा ताणून धरा. साधारण ३१.४ सेंमी दोरा लागतो आणि तो पूर्वेलाही जात नाही, पश्चिमेलाही नाही. नागपूरहून उत्तरेच्या जेमतेम १९ अंश उजवीकडे निघतो, तिबेट-चीन ओलांडून सायबेरियात शिरतो, ७२ अंश उत्तरेपर्यंत चढतो आणि अलास्काकडून खाली उतरतो. भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवून हे कधीच दिसत नाही.

रनवे३२

वरचं गणित बरोबर. पण त्या दोऱ्यावरून विमान जात नाही, आणि का जात नाही हे कळलं की वेळेचा घोळ बराच सुटतो.

पहिला अडसर तिबेटचा. केबिनमधला दाब गेला तर विमानाला भराभर १०,००० फुटांपर्यंत खाली यावं लागतं. प्रवाशांच्या डोक्यावरून जे मास्क पडतात त्यांचा ऑक्सिजन बहुतेक विमानांत १२ ते २२ मिनिटांचा असतो. तिबेटच्या पठाराची सरासरी उंचीच ४,५०० मीटर, म्हणजे १४,८०० फुटांच्या घरात. खाली यायचं कुठं? त्यामुळे तिथून नेहमीची वाहतूक नेत नाहीत. सुटकेच्या वाटा आधीच आखलेले मोजके मार्ग आहेत आणि ते वापरायला खास तयारी लागते. बाकीचे वळसा घेतात.

दुसरा, हवाई हद्दी. २४ एप्रिल २०२५ पासून पाकिस्तानने भारतीय कंपन्यांच्या विमानांना आपली हद्द बंद केली आणि भारतानेही तसंच उत्तर दिलं. दिल्लीहून युरोप-अमेरिकेकडे पश्चिमेने निघणाऱ्या आपल्या विमानांना गुजरातकडे उतरून अरबी समुद्रावरून फिरावं लागलं. काहींना वाटेत व्हिएन्नाला इंधनासाठी थांबावं लागलं. रशियाची हद्द २०२२ पासून अमेरिकी कंपन्यांना बंद आहे, भारतीय कंपन्यांना नाही. म्हणून एकाच जोडीच्या शहरांत दोन कंपन्यांच्या वेळा वेगळ्या दिसतात.

तिसरा आणि सगळ्यांत मोठा, वारा. ३५,००० फुटांवर बाहेरचं तापमान उणे ५४ अंश धरलं तर आवाजाचा वेग ताशी १,०६० किमीच्या आसपास असतो. बोइंगचं ७७७ किंवा ७८७ विमान त्याच्या ८४-८५ टक्क्यांनी चालतं, म्हणजे ताशी ८९०-९००. हा वेग हवेतला. जमिनीवरून मोजलेला वेग म्हणजे त्यात वारा मिळवून किंवा वजा करून. हिवाळ्यात जेट स्ट्रीम, म्हणजे उंचावरचा जोरदार वाऱ्याचा पट्टा, पश्चिमेकडून पूर्वेकडे ताशी २०० किमीनेही वाहते. ती पाठीशी घ्यायची की तोंडावर, यावर दोन-दोन तास ठरतात.

याचं सगळ्यांत चांगलं उदाहरण तुमच्याच मुक्कामाचं आहे. एअर इंडियाचं दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमान आधी अटलांटिकवरून जायचं, सुमारे १३,९०० किमी. ऑक्टोबर २०१६ मध्ये त्यांनी ते पूर्वेकडून, पॅसिफिकवरून नेलं. अंतर झालं १५,३०० किमी, म्हणजे १,४०० किमी जास्त, आणि वेळ लागली साडेचौदा तास. भागून पाहा: ताशी १,०५५ किमी. विमान हवेत ८९० नेच चाललं, वरचे १६५ वाऱ्याने दिले. लांबचा रस्ता लवकर संपला. अंतराच्या साइटवर हे कधी दिसणार नाही बाप्पा.

म्हणून दिल्लीहून नॉनस्टॉप १६ तासांच्या आसपास धरा. मार्ग रोजच्या रोज वाऱ्याचा अंदाज पाहून आखतात, त्यामुळे आज ट्रॅकरवर पाहिलेली रेघ उद्या तशीच असेल असं नाही. कंपन्या वेळापत्रकात थोडी ढील ठेवतात ती यासाठीच. विमान कधीकधी अर्धा तास लवकर उतरतं ते वैमानिकाने गाडी पळवली म्हणून नाही.

मानेवाडा_रिंगरोड

एक विचारतो. मिहानच्या एमआरओत, म्हणजे विमान दुरुस्ती केंद्रात, ७७७ येऊन राह्यले, म्हणजे आपल्या धावपट्टीवर ते उतरतंही आणि उडतंही. मग नागपूर-सॅन फ्रान्सिस्को थेट का नाही?

रनवे३२

@मानेवाडा_रिंगरोड दुरुस्तीला येणारं विमान रिकामं असतं आणि टाकीत घरी परतण्यापुरतंच इंधन असतं. १३ हजार किमीला १०० टनांच्या आसपास इंधन लागतं, वर प्रवासी आणि सामान.

आपली धावपट्टी ३,२०० मीटर, समुद्रसपाटीपासून ३१५ मीटर उंच. डिसेंबरच्या रात्री यात फार अडचण नाही. मे महिन्यात दुपारी ४५ अंश असताना हवा इतकी विरळ होते की इंजिन आणि पंख दोघांनाही आपण सुमारे ४,९०० फुटांवर, म्हणजे दीड हजार मीटरच्या जवळ आहोत असं 'वाटतं'. चिखलदरा ११०० मीटरच्या वर आहे. त्याच्याही वरून भरल्या वजनाचं विमान उडवण्यासारखं झालं. मग वजन कमी करायचं, म्हणजे आधी माल, मग प्रवासी.

पल्ल्याचंही पाहा. ७७७-३००ईआरचा बोइंगने दिलेला पल्ला १३,६५० किमी, ७८७-९ चा १४,०१० च्या आसपास. सरळ दोरा १३,११० चा आहे, पण वळसा धरला की दोन्हींचं गणित तंग होतं. ७७७-२००एलआर १५,८०० च्या पुढे जातं, त्याला जमेल. पण रोज अडीचशे लोक नागपूरहून तिकडे जाणारे हवेत, आणि खरी गोम तिथंच आहे.

सीताबर्डी_तिकीट

आता तुमच्या मुख्य प्रश्नावर येतो. वरच्या दोघांनी विमान उडवलं, मी प्रवाशांना बसवतो.

आधी ते साडेदहा तास. तिकिटावरच्या सगळ्या वेळा त्या-त्या गावच्या असतात. डिसेंबरात सॅन फ्रान्सिस्को आपल्यामागे साडेतेरा तास असतं, उन्हाळ्यात साडेबारा. त्यांचं घड्याळ मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे सरकतं. विमान कंपन्यांची वेळापत्रकं मात्र मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलतात. त्यामुळे मधल्या काही दिवसांत वेळा तासाने हललेल्या दिसतात. तेव्हाचं तिकीट असेल तर एकदा पुन्हा पाहून घ्या.

तर नागपूर रात्री ८, पोहोच दुसऱ्या दिवशी सकाळी ६.३०. त्यात १३.३० मिळवा: नागपूरच्या घड्याळात दुसऱ्या दिवशी रात्रीचे ८. पूर्ण २४ तास. परतीला उलटं होतं. १० जानेवारीला तिकडून सकाळी १० ला निघाले की इथं रात्रीचे ११.३० झालेले असतात. २६ तासांचा प्रवास धरला तर पोहोचणार १२ तारखेला पहाटे १.३० ला. तिकिटावर दोन दिवस गेल्यासारखे दिसतात आणि घ्यायला जाणारा हमखास एक दिवस आधी सोनेगाव विमानतळावर जाऊन उभा राहतो. रात्री १२ नंतर उतरणाऱ्या विमानाची तारीख घरच्यांना 'बुधवारी रात्री' अशी सांगू नका, 'बुधवार संपून गुरुवार लागल्यावर' अशी सांगा.

मार्गाचं म्हणाल तर किमी पाहा. नागपूर-दिल्ली ८५५, दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को १२,३८०, बेरीज १३,२३५. सरळ दोऱ्यापेक्षा फक्त सव्वाशे किमी जास्त, म्हणजे दिल्ली अगदी वाटेवर आहे. मुंबई आडवी पडते: ६८५ अधिक १३,५१०, जवळपास १४,२००. दोहा २,८४० अधिक १२,९९५, म्हणजे १५,८३५. कागदावर दिल्ली सरळ जिंकते.

पण दोहाला नागपूरहून थेट विमान आहे, हे विसरू नका. बॅगा नागपूरला टाकल्या, इमिग्रेशन नागपूरला झालं, मध्ये एकच विमान बदलायचं आणि तेही त्याच इमारतीत. नागपूर-दोहा साधारण ४ तास, दोहा-सॅन फ्रान्सिस्को १६ च्या आसपास. दिल्लीने हवेतले दोन तास वाचतात, पण देशांतर्गतमधून आंतरराष्ट्रीयमध्ये जायचं, तिथं इमिग्रेशनची रांग, पुन्हा सुरक्षा तपासणी. सत्तरीच्या माणसाला हवेत बसलेले दोन तास जड जात नाहीत, रांगेत उभे काढलेले दोन तास जातात. दोहाचं विमान कोणत्या वारी सुटतं आणि तिथला थांबा किती, ते पाहून ठरवा. थांबा तीन ते सहा तासांत बसत असेल तर मी दोहा म्हणेन. तोच चौदा तासांचा असेल तर दिल्ली.

दिल्ली घेतली तर तीन गोष्टी सांगून ठेवतो. दोन्ही विमानं एकाच पीएनआरवर हवीत. वेगवेगळी तिकिटं स्वस्त दिसतात, पण नागपूरचं विमान उशिरा झालं तर पुढची कंपनी तुम्हाला 'आलेच नाहीत' म्हणून मोकळी होते, आणि पुष्कळदा परतीचं तिकीटही त्यातच जातं. सामानाचंही तेच. अमेरिकेच्या तिकिटावर साधारणपणे माणशी २३ किलोच्या दोन बॅगा असतात. सुट्या देशांतर्गत तिकिटावर बहुतेक ठिकाणी १५ किलोच. माणशी ३१ किलोचे जादा पैसे काउंटरवर मोजावे लागतात आणि दिल्लीला बॅगा उचलून पुन्हा टाकाव्या लागतात. शिवाय देशांतर्गत विमान टर्मिनल १ ला उतरलं तर टर्मिनल ३ ला रस्त्याने जावं लागतं. एका पीएनआरवर बॅगेला नागपूरलाच जो टॅग लागतो त्यावर शेवटचं विमानतळ छापलेलं आहे का, हे काउंटर सोडायच्या आधी वाचा. त्यावर दिल्ली असेल तर तिथल्या तिथे बदलून घ्या.

'डायरेक्ट' आणि 'नॉनस्टॉप' एक नाही. नंबर तोच राहून विमान मध्ये इंधनाला थांबलं तरी ते डायरेक्टच म्हणवतं. तिकिटाच्या तपशिलात 'थांबे' समोर शून्य आहे का, ते पाहा. आणि अमेरिकेत आधी न्यूयॉर्क किंवा शिकागोला उतरून मग सॅन फ्रान्सिस्कोचं विमान असेल, तर इमिग्रेशन त्या पहिल्या विमानतळावर होतं आणि बॅगाही तिथंच उचलून पुन्हा द्याव्या लागतात. वयस्करांना हा मार्ग मी देतच नाही, कितीही स्वस्त असो.

व्हीलचेअर तिकिटाबरोबरच टाका, निदान ४८ तास आधी. चालता येत असलं तरी टाका. रांगेतून नेणारा माणूस मिळतो, खुर्ची हा बहाणा. ताजी संत्री बॅगेत नको. तिकडे जाहीर करावी लागतात आणि काढून घेतात.

खामला_चौक

मायनस लावलं, १३,११२ आलं! दोहाचं पाहिलं, आम्हाला चालतात त्या तारखांना थांबा फार लांब पडून राहिला. दिल्लीचं एकाच पीएनआरवर मिळतंय, दोन पर्याय आहेत. एकात नागपूरहून संध्याकाळी निघून दिल्लीत रात्री पावणेदहाला उतरतात, पुढचं विमान पहाटे ४ ला. दुसऱ्यात त्याच पहाटेच्या विमानाला नागपूरहून रात्री उशिराचं विमान, दिल्लीत १२.४० ला पोहोच. भाडं दुसऱ्याचं कमी. सव्वातीन तास पुरतील ना?

सीताबर्डी_तिकीट

नियमात बसतात, पण डिसेंबरात पुरत नाहीत. पहिलं घ्या.

रनवे३२

त्यामागचं कारण धुकं. दिल्लीचं दाट धुकं साधारण डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारी अखेरपर्यंत पडतं, आणि ते मध्यरात्रीनंतर जमून सकाळी नऊ-दहापर्यंत टिकतं. पावणेदहाला उतरणारं विमान त्याच्या आधी आत जातं. १२.४० चं नेमकं त्यात सापडतं. धुक्यात विमान उतरवायला मदत करणाऱ्या कॅट-३ बी प्रणालीवर ५० मीटर दृश्यमानतेत उतरता येतं, पण त्यासाठी धावपट्टी, विमान आणि वैमानिक तिन्ही त्या पात्रतेचे हवेत. एक जरी नसलं तर विमान जयपूर-लखनौला वळतं किंवा नागपूरहूनच सोडत नाहीत.

उड्डाणाला साधारण १२५ मीटर दृश्यमानता लागते, म्हणजे उतरण्यापेक्षा जास्त. त्यामुळे पहाटे ४ चं विमान दारं लावून तास-दोन तास उभं राहू शकतं. तसं झालं तरी आई-बाबा विमानात बसलेले असतील, बॅगा पोटात असतील, आणि पुढे जोडणारं दुसरं विमान नाही. सॅन फ्रान्सिस्कोला घ्यायला येणाऱ्याला तिकिटावरची वेळ न सांगता फ्लाइट नंबर द्या आणि दिल्लीहून चाकं उचलल्यावर पुढे १६ तास मोजायला सांगा.